सातासमुद्रापार हापूसची ओढ

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एका गोष्टीची चौकशी सुरू होते: यंदा पेट्या कधी येणार? खरे तर तिथे आंब्याला तोटा नाही. मेक्सिको, पेरू, ब्राझीलचा माल आलटूनपालटून येत असल्याने दुकानात आंबा बारा महिने दिसतो. मराठी माणसाला हवा असतो तो हापूस, आणि तोही मोसमातला.

दुकानातल्या त्या लालबुंद आंब्यांत 'टॉमी अ‍ॅटकिन्स' ही जात फार दिसते. तिचे मूळ थेट पुण्यापर्यंत पोहोचते. 1889 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने पुण्याहून मागवलेली कलमे फ्लोरिडात लेक वर्थ सरोवराकाठी लावली गेली. प्रवास आणि पुढची कडाक्याची थंडी यांतून मलगोबा जातीचे एकच झाड तगले. 1902 मध्ये कॅप्टन जॉन हेडन यांनी त्याच्या फळांच्या कोया पेरल्या. त्यांतून 'हेडन' ही जात निघाली आणि हेडनच्या वंशात पुढे टॉमी अ‍ॅटकिन्स. जाड सालीचे हे फळ प्रवासात दबत नाही, दिवसचे दिवस टिकते, म्हणून व्यापाऱ्यांचे लाडके. चवीला मात्र बेताचे आणि दोरे भरपूर. पुण्याचा हा पणतू हापूसवर वाढलेल्या जिभेला पटत नाही.

हापूस मात्र सुमारे अठरा वर्षे अमेरिकेच्या दारात अडला होता. कारण होते किडीचे. फळमाशी आणि कोयीत लपून राहणारा भुंगा आपल्या बागांत शिरेल, ही तिथल्या कृषी खात्याची धास्ती अगदीच निराधार नव्हती. त्या काळात आमरस-पुरीचा बेत डब्यातल्या रसावर भागवला जाई. सामानातून आंबे नेण्याची सोय तेव्हा नव्हती, आजही नाही. विमानतळावर ते काढून घेतले जातात, आणि लपवून नेले तर वर दंड.

कोंडी फुटली ती राजकारणाने. मार्च 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश दिल्लीला आले. अणुकराराच्या गडबडीत आंब्याचाही विषय मार्गी लागला. भारताने हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना वाट मोकळी करायची, अमेरिकेने आंब्याला. एप्रिल 2007 च्या अखेरीस पहिल्या दीडशे पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या.

मुख्य अट कडक होती: प्रत्येक फळावर किमान 400 ग्रे इतकी विकिरण-मात्रा. त्यासाठी कोकणचा आंबा घाट चढून कांद्याच्या लासलगावला जाऊ लागला. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे केंद्र 2002 पासून होते. बंद पेट्या सरकत्या यंत्रणेवरून जाड भिंतींच्या खोलीत जातात आणि कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांतून फिरून बाहेर येतात. कीड लगेच मरतेच असे नाही, पण तिची पुढची पिढी निपजत नाही. फळ किरणोत्सारी होत नाही. पुढे नवी मुंबईत वाशीलाही अशी सोय झाली आणि घाटाची फेरी वाचली.

विकिरण, तपासणी, विमानभाडे हे सगळे धरून डझनाची पेटी चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात सहज जाते. त्या पैशांत टॉमी अ‍ॅटकिन्सचा ढीग येईल. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आगाऊ नोंदणी होते, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पेट्या वाटल्या जातात. नुसत्या चवीसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. बारा महिने सगळे मिळणाऱ्या देशात वाट पाहायला लावणारे असे फळ विरळाच, आणि त्याची खरी किंमत त्या वाट पाहण्यात आहे.

हा पुरवठा अजूनही बेभरवशाचा आहे. कोविडमुळे विकिरणावर देखरेख करणारे अमेरिकी निरीक्षक भारतात येऊ शकले नाहीत, म्हणून 2020 आणि 2021 हे हंगाम कोरडे गेले. निर्यात 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या सुमारे पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे कागदपत्रांतल्या त्रुटींमुळे अडल्या. परत आणण्याचा खर्च मालाहून जड, म्हणून निर्यातदारांनी माल तिथेच नष्ट केला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलर.

पेटी हाती आलीच, तर फळे लगेच फ्रीजमध्ये टाकू नयेत. कागदात गुंडाळून घरातच पिकू द्यावीत. कापल्यावर एखाद्यात गर आतून खराब करणारा साका निघाला, तर विकिरणाला बोल लावू नये. हापूसला तो मुळातच धरतो, आणि देवगडच्या बागेत उभे राहूनही बाहेरून ओळखू येत नाही.