सभिक आणि राजभाग : स्मृतिग्रंथांपासून मांडवीच्या पात्रापर्यंत

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकास द्यूत हा विषय अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त आणि महाभारतातील द्यूतप्रसंग यांतून जुगाऱ्याच्या मनोव्यथेचे दर्शन आपणांस घडते. मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्णांसाठी संवाहकाच्या पाठीस लागणारा माथुर मात्र निराळ्या कारणासाठी लक्षणीय आहे. तो ‘सभिक’, म्हणजे द्यूतगृहाचा चालक आहे. या सभिकाचे राज्याशी नाते कोणते, हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनी गांभीर्याने विचारला होता आणि आज तो पुन्हा आपल्यासमोर उभा आहे.

मनूने द्यूत व समाह्वय या दोहोंचा राज्यातून उच्छेद करण्यास सांगितले. याज्ञवल्क्याची भूमिका वेगळी आहे. सभिकाने जिंकणाऱ्याकडून ठराविक अंश घ्यावा, त्यातून राजास ठरलेला भाग द्यावा, आणि चोरांचा माग लागावा म्हणून द्यूत एकाच देखरेखीखाली चालवावे, असे तो सांगतो. कौटिल्यानेही द्यूताध्यक्ष नेमून खेळ एका जागी आणला व जिंकलेल्या धनातून शेकडा पाच हा अंश ठरविला. हिंदी प्रदेशात अड्डेवाल्याच्या अशा हिश्शाला आजही ‘नाल’ म्हणतात.

ब्रिटिश अमदानीत मनूचाच पक्ष प्रबळ ठरला. १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम वायव्य प्रांतासाठी व मध्य प्रांतासाठीही होता. म्हणजे काशी आणि नागपूर ही दोन्ही नगरे एकाच कायद्याखाली आली. मुंबई इलाख्यासाठी १८८७ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. संविधानाने हा विषय राज्यसूचीत ठेवला : चौतिसाव्या नोंदीने नियमनाचा व बासष्टाव्या नोंदीने कराचा अधिकार राज्यांना दिला.

परंतु राज्याची सीमा आणि खेळाची सीमा एक नसते. बंगळूरहून निघणाऱ्या एका नियतकालिकातील बक्षीस-स्पर्धेच्या प्रवेशिका मुंबई राज्यातून गोळा होत असत. त्यांवर मुंबई शासनाने कर बसविला. चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो वैध ठरविला. चालक परराज्यात असला तरी खेळणारा येथे आहे आणि पैसा येथून जातो, एवढा संबंध पुरेसा मानला गेला. जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे. परदेशी बेटांवरून परवाना घेऊन संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या आजच्या खेळांचा पेच तत्त्वतः हाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा अधिनियम संमत केला, तेव्हा देशाबाहेरून दिल्या जाणाऱ्या सेवाही त्याच्या कक्षेत घेतल्या.

१९७६ हे वर्ष या संदर्भात मोठे अर्थपूर्ण आहे. त्या वर्षी महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा अधिनियम केला आणि गोवा, दमण व दीव या प्रदेशाने जुगारबंदीचा. पुढे घडले ते उलटेच. महाराष्ट्राचा परवानगीचा कायदा एकदाही अमलात न येता २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याच्या बंदीच्या कायद्यात मात्र १९९२ मध्ये एका नव्या कलमाने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना वाट दिली आणि १९९६ मध्ये जहाजांवरील खेळांना. कलमातील शब्द ‘किनाऱ्यापलीकडील जहाजे’ असा अर्थ सुचवितो. प्रत्यक्षात ती जहाजे पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगरलेली आहेत. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना तेथे खेळण्यास मनाई आहे. किनाऱ्यापलीकडे जे ठेवावयाचे होते ते जहाज नसून खेळणारा होता, असे यावरून दिसते.

कराचे तत्त्वही बदलले आहे. कौटिल्याचा अंश जिंकलेल्या धनावर होता. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत सोंगट्या विकत घेण्यासाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो शेकडा ४० झाला. येथे हरणाराही जिंकणाऱ्याइतकाच कर भरतो.

याहून महत्त्वाचा भेद दायित्वाचा आहे. याज्ञवल्क्याच्या मते राजभाग दिला गेला असेल व खेळ सभिकासमक्ष झाला असेल, तर जिंकलेले धन विजेत्यास मिळवून देणे हे राजाचे कर्तव्य ठरते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे तिसावे कलम मात्र पैजेचा करार शून्य मानते. जिंकलेली पैज न्यायालयातून वसूल करता येत नाही. म्हणजे आजचे राज्य राजभाग घेते, पण त्याबरोबर येणारी जबाबदारी पत्करत नाही. मनूने द्यूत नाकारले आणि त्यापासून मिळणारे धनही नाकारले; याज्ञवल्क्याने धन स्वीकारले आणि जबाबदारीही. या दोन सुसंगत भूमिकांच्या मध्ये उभे राहून धन मात्र घेणारी तिसरी भूमिका आपल्या स्मृतिकारांना कितपत मान्य झाली असती, याचा विचार अभ्यासकांनी अवश्य करावा.