पेशीतला मध्यस्थ

मिठागराच्या बांधावरून अनवाणी चालताना पायात शिंपल्याची कोर शिरली, तर सायंकाळपर्यंत जखमेभोवती लाली, ऊब आणि ठणका हजर होतात, हे आपणां नवघरकरांस नवे नाही. जंतू शिरल्याची वर्दी इतक्या लवकर कोण देतो? आजारातून वा लसीतून कमावलेली प्रतिकारशक्ती नव्या जंतूपुढे उभी राहण्यास काही दिवस घेते. हे तातडीचे काम उपजत प्रतिकारशक्तीचे; ती आपल्याबरोबर जन्माला येते.

तिचे पहारेकरी म्हणजे पेशींतील 'ग्राही' प्रथिने. १९९६ साली फ्रान्समध्ये झ्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, 'टोल' हे जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीच्या लागणीने मरते. (हा टोल नाक्यावरचा नव्हे, जर्मन भाषेत त्याचा अर्थ 'अफलातून'!) १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी उंदरातील तशाच एका ग्राहीचे काम उजेडात आणले, तो जिवाणूंच्या आवरणातील विष ओळखतो. २०११ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचाही वाटा होता.

परंतु जागल्याने चोर पाहिला आणि गाव उठवलेच नाही, तर त्या पाहण्याचा उपयोग काय? ग्राहीचे एक टोक बाहेर, दुसरे पेशीच्या आत. आणि हुकूम सुटायचा तो केंद्रकातून. येथे 'मायडी-८८' हे जोडप्रथिन पुढे होते. जंतूचा अंश चिकटला की दोन ग्राही जवळ येतात, त्यांच्या आतल्या टोकांना मायडी-८८ बिलगते आणि दुसऱ्या बाजूने 'आयरॅक-४' या विकरास धरते. स्वतः ते कोणतीही रासायनिक क्रिया करीत नाही. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाप्रमाणे योग्य मंडळींना एकत्र बसवते, एवढेच! मग विकरांची साखळी सुरू होते, अडकवून ठेवलेले 'एनएफ-कप्पा-बी' प्रथिन सुटून केंद्रकात शिरते, आणि दाह व ताप आणणारी द्रव्ये तयार होऊ लागतात.

या मध्यस्थावाचून काय अडते? २००८ साली मायडी-८८ जन्मतःच निकामी असलेल्या मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांचे ग्राही शाबूत होते. तरी न्यूमोकॉकससारखे जिवाणू त्यांच्या जिवावर उठत. अशा मुलांत आरंभी ताप फारसा चढत नाही, आणि म्हणूनच धोका लवकर ध्यानात येत नाही. ज्या तापाचा आपण धसका घेतो, तो पुष्कळदा शरीराची हाकच असतो, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

हाच मार्ग लसीच्या कामीही आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये वेगळ्या केलेल्या करोना विषाणूपासून कोव्हॅक्सिन लस तयार झाली. निष्क्रिय केलेल्या या विषाणूच्या जोडीला तीत टोल-७ व टोल-८ प्रकारच्या ग्राहींना जागे करणारे द्रव्य घातलेले आहे. हे दोन्ही ग्राही आपला निरोप मायडी-८८ च्याच हाती देतात. ३ जानेवारी २०२१ रोजी या लसीस तातडीच्या मर्यादित वापराची मंजुरी जाहीर झाली.

अर्थात ही हाक प्रमाणातच हवी. रक्तात जंतू माजून ती थांबेनाशी झाली, तर दाहच रोग्याचा घात करतो. पहारा, निरोप आणि आवर, या तिहींवर आपले आरोग्य उभे आहे.