मोबाईलवरील कर्ज आणि शेतकऱ्याचा अंगठा

१८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं कुळांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. रोख्यांतील मजकूर न समजतांच अंगठा उठवावा लागे, हें त्या संतापाचें एक कारण होय. पुढें १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें कुळास पावती व सालाचा हिशेब मागण्याचा हक्क दिला.

आज कर्ज मोबाईलवर मिळतें. पेरणीच्या तोंडीं ही सोय मोठीच आहे, व तीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु न वाचतां दाबलेली संमति आणि न वाचतां उठविलेला अंगठा यांत आम्हांस भेद दिसत नाहीं.

रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं याविषयीं नियम केले व २०२५ सालीं ते सुधारले. त्यांअन्वयें व्याज व सर्व आकार धरून वार्षिक दर सांगणारें माहितीपत्रक करारापूर्वीं दिलें पाहिजे. रक्कम सामान्यतः ऋणकोच्याच बँकखात्यांत आली पाहिजे. मोबाईलांतील नांवनंबरांची यादी ॲपनें उघडूं नये. ठरलेल्या अल्प मुदतींत कर्ज परत करून मोकळें होण्याचीही सवलत आहे.

बँकांनीं कळविलेल्या ॲपांची यादी १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तींत नांव नसेल, किंवा माहितीपत्रक मिळत नसेल, तर व्यवहार करूं नये. वाचतां न आल्यास सोसायटीच्या सचिवाकडून वाचवून घ्यावें. हक्क कागदावर असतो. मागेल त्याच्याच तो पदरीं पडतो.