घरातील तरुणावर अचानक आजार ओढवला तर : मशीन विकण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

व्यापारी माणूस रात्री दुकान बंद करताना कुलूप दोनदा ओढून पाहतो. पावसाळ्यापूर्वी छपराचे पत्रे तपासतो, ईदच्या हंगामाआधी माल भरून ठेवतो. परंतु घरातील सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मध्यरात्री पोट धरून कळवळू लागला, तर त्याला कोठे न्यावयाचे, कोणते कागद बरोबर घ्यावयाचे आणि पैसा कोठून आणावयाचा, याचा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी आधी केलेला असतो. वर्षानुवर्षे पै-पै करून उभे केलेले भांडवल अशा एका रात्रीत मोडून पडते. म्हणून या विषयाची माहिती आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मोहन्यातील एक अनुभव

कल्याणजवळचे मोहने हे गाव एका कारखान्याभोवती वाढले. नॅशनल रेयॉन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एन.आर.सी. कंपनी, २००९ साली बंद पडली आणि अनेक घरांची चूल शिलाई, सुतारकाम, गॅरेज, रिक्षा, भाजी यांसारख्या धंद्यांवर पेटू लागली. कारखान्यातील कामगाराला राज्य कामगार विमा योजनेचे छत्र असते. स्वतःच्या मशीनवर बसणाऱ्या शिंप्याला ते नसते. त्याचे मशीन हीच त्याची नोकरी आणि तेच त्याचे पेन्शन.

आमच्या परिचयातील अशाच एका शिंपीबंधूंचा पुतण्या गावाहून काम शिकण्यासाठी त्यांच्याकडे राहत होता. एका रात्री त्याच्या बेंबीभोवती दुखू लागले. घरच्यांनी गॅस समजून ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी दुखणे उजवीकडे खाली सरकले, उलट्या झाल्या, ताप चढला. "चाचा, आता थोडं बरं वाटतंय," असे तो संध्याकाळी म्हणाला आणि सर्वांना हायसे वाटले. वास्तविक त्या वेळी त्याचे अपेंडिक्स फुटले होते. रात्री धावपळ करून त्याला एका खासगी दवाखान्यात नेले. तेथे प्रथम अनामत रक्कम मागितली गेली. चाचांनी ओव्हरलॉक मशीन आणि एक शिलाई मशीन मिळेल त्या किमतीला विकून रक्कम भरली. मुलगा वाचला, ही परमेश्वराची कृपा. पण मशीन परत घेण्यास त्यांना सव्वा वर्ष लागले आणि तेवढा काळ ते दुसऱ्याच्या कारखान्यात पीसवर बसले. कोणत्या योजनेत उपचार बसतात काय, जवळ धर्मादाय रुग्णालय आहे काय, हे त्या रात्री कोणीही विचारले नाही. आम्हीही त्यांच्याबरोबर होतो आणि आम्हीही विचारले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

वेळ कोठे घालवू नये

तरुण शरीर बराच वेळ तग धरते, त्यामुळे घरचे गाफील राहतात. काही लक्षणे मात्र सकाळपर्यंत थांबण्यासारखी नसतात.

अपेंडिक्सचा त्रास दहा ते तीस या वयात विशेष आढळतो. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत पोटाच्या उजव्या खालच्या भागात सरकणे, भूक मरणे, उलटी व बारीक ताप ही त्याची ओळख. दीड-दोन दिवस उलटले की ते फुटण्याचा धोका वाढत जातो. फुटल्यावर दुखणे क्षणभर कमी वाटते आणि मग विष पोटभर पसरते. अशा वेळी जुलाबाचे औषध देऊ नये, पोट चोळू नये आणि डॉक्टरने पाहीपर्यंत खाण्यापिण्यास देऊ नये.

डेंग्यूमध्ये खरा धोका ताप उतरू लागल्यावर असतो. त्या वेळी पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे असे दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी मनाने देऊ नये.

काही आठवडे मुलाला फार तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते, वजन घटते आणि मग एके दिवशी उलट्या होऊन श्वास खोल व जोरात चालू लागतो, हा लहान वयातील मधुमेह असू शकतो. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासण्यास एक मिनिट लागते.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून सांगितली पाहिजे. मुलाच्या अंडकोषात अचानक तीव्र वेदना झाली तर सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. मुलगा लाजेने फक्त "पोट दुखतंय" म्हणतो. मुलीच्या बाबतीत आई किंवा खाला यांनी एकांतात तिला पाळीविषयी विचारावे आणि जे असेल ते डॉक्टरला स्पष्ट सांगावे. लाज राखण्याच्या नादात जीव जाऊ नये.

कोठे न्यावे

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि ती विनामूल्य आहे. फोन करताना घाबरून आजाराचे वर्णन करीत बसण्यापेक्षा प्रथम पत्ता सांगावा: गाव, गल्ली आणि जवळची ठळक खूण. रुग्ण शुद्धीवर आहे काय, श्वास कसा चालू आहे, हे नंतर सांगावे. गल्ली अरुंद असेल तर एकाने नाक्यावर उभे राहावे.

मोहन्याच्या लोकांसाठी कल्याणचे महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती शासकीय रुग्णालय, त्यापुढे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि मुंबईत शीव, परळ येथील मोठी रुग्णालये असा क्रम आहे. यांपैकी कोठे रात्री शस्त्रक्रिया होते आणि कोठे अतिदक्षता विभाग आहे, याची चौकशी आजार येण्यापूर्वी, एखाद्या मोकळ्या दुपारी करून ठेवावी. रात्री एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात जो वेळ जातो तोच सर्वांत महाग पडतो.

कायदा काय म्हणतो

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर निकाल देताना असे ठरविले की, डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचविण्यासाठी तातडीचा उपचार देणे हे त्याचे कर्तव्य आहे. पोलिसांचे कागद किंवा इतर कारवाई यांसाठी उपचार अडवून धरता येत नाही.

दुसरे प्रकरण एका शेतमजुराचे आहे. पश्चिम बंगालमधील हकीम शेख हे १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला जबर जखमी झाले. एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट किंवा सोय नाही म्हणून त्यांना परत पाठविले. शेवटी खासगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने उपचार घ्यावे लागले. त्यांच्या शेतमजूर समितीने दाद मागितली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांवर आणखी एक बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या गटात रुग्ण बसतो. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णालयाने रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंत अनामत रक्कम न मागता उपचार करावयाचे असतात. नावाजलेली आणि महागडी समजली जाणारी अनेक रुग्णालये या यादीत आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

काउंटरवरचे तीन प्रश्न

पैसे मोजण्यापूर्वी घरातील एकाने शांतपणे पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिला प्रश्न : येथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे काय? ही योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढील वर्षी सर्व राज्यात आली आणि २०१७ साली तिचे नाव बदलले. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्यात आली व मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये झाली. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. मात्र प्रत्येक आजार तिच्यात बसत नाही आणि प्रत्येक रुग्णालय तिच्यात नाही. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारावे किंवा १५५३८८ या क्रमांकावर चौकशी करावी. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद नंतर दिले तरी चालतात. योजनेबाहेरच्या रुग्णालयात भरलेला पैसा मात्र योजनेतून परत मिळत नाही.

दुसरा प्रश्न : हे धर्मादाय रुग्णालय आहे काय, आणि असल्यास समाजसेवक कोठे भेटतील?

तिसरा प्रश्न : उपचाराचा अंदाजे खर्च किती, आणि रुग्ण स्थिर झाल्यावर त्याला सरकारी रुग्णालयात हलविता येईल काय?

आपल्या धंद्यात एक अडचण नेहमी येते. काम शिकण्यास आलेल्या पुतण्याचे किंवा भाच्याचे नाव गावाकडील रेशनकार्डावर असते आणि कार्डही गावीच असते. अशा मुलाच्या कार्डाची व आधारची प्रत पहिल्याच दिवशी मागवून घ्यावी. मुलगा परप्रांतातील असेल तर त्याच्या घरचे आयुष्मान भारत कार्ड आहे काय ते पाहावे. ते देशभर योजनेच्या रुग्णालयांत चालते.

पैशाचा क्रम

एवढे करूनही पैसा लागतोच. औषधे, तपासण्या, जाणे-येणे, बुडालेली मजुरी. त्यासाठी आम्ही पुढील क्रम सुचवितो. प्रथम बाजारातील उधारी वसूल करावी. अडचण सांगितली तर बरेच गिऱ्हाईक देतात. नंतर तयार माल कमी नफ्यात काढावा. मग नातेवाईक, जमात किंवा बैतुलमाल यांच्याकडून बिनव्याजी कर्ज घ्यावे. ते घाईतही लिहून, साक्षीदार ठेवून घ्यावे. कर्ज लिहून ठेवण्याची कुरआनची ताकीद स्पष्ट आहे. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. खासगी सावकाराच्या दारी जाऊ नये. परवान्याविना सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्या हत्याराने रोजची भाकरी मिळते ते हत्यार सर्वांत शेवटी. कारण मुलगा घरी आल्यावर त्याचे दूध, औषध आणि पुढची फेरी त्याच मशीनवर चालावयाची असते.

माणसांची वाटणी

सारे घर रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून काही साधत नाही. एकाने रुग्णाजवळ थांबावे, एकाने कागद व पैसा पाहावा, एकाने दुकान सांभाळावे. दुकान पूर्ण बंद ठेवू नये. ज्यांचे काम हातात आहे त्यांना फोन करून चार दिवसांची मुदत मागावी. न कळविता काम थकले तर गिऱ्हाईक तुटते.

रुग्णाजवळ बसणाऱ्याचे काम सर्वांत अवघड. तरुण मुलाला सर्व समजते. काय झाले आहे, डॉक्टर काय करणार आहेत, हे त्याला खरे सांगावे. अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तर शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही त्याचीच असते, म्हणून त्याला विचारात घेतलेच पाहिजे. खर्चाची चर्चा खाटेजवळ करू नये. आमच्या शिंपीबंधूंचा पुतण्या शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "चाचा, मशीन विकली काय?" कोणीतरी खाटेशेजारी बोलले होते. त्या मुलाने पुढे महिनाभर नीट जेवण केले नाही आणि टाके ओले असतानाच कामावर बसण्याचा हट्ट धरला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ओझे उचलू नये, कामावर केव्हा बसावे हे डॉक्टरला विचारावे. "तुझ्यापायी इतके गेले" हे वाक्य तर घरात कधीही उच्चारू नये.

आज करावयाचे काम

एक पाकीट घ्यावे. त्यात रेशनकार्ड व घरातील प्रत्येकाच्या आधारकार्डाच्या प्रती, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाचा रक्तगट, कोणाला कोणते औषध सोसत नाही त्याची चिठ्ठी, जुन्या आजारांचे कागद, रुग्णालयांचे व चार नातेवाइकांचे फोन क्रमांक आणि दोन दिवसांपुरती रोकड ठेवावी. रेशनकार्डावर सर्व मुलांची नावे चढली आहेत काय, ते या आठवड्यात पाहून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळण्यास वेळ लागतो, तो आधीच काढावा. पाकीट कोठे आहे हे घरातील स्त्रियांना आणि मोठ्या मुलांना ठाऊक असावे, कारण आजार येईल तेव्हा कर्ता पुरुष मालाच्या खरेदीला गेलेला असू शकतो.

आमच्या त्या शिंपीबंधूंचे पाकीट आता गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात असते. त्यांच्याकडे सध्या दोन मुले शिकत आहेत. दोघांच्या गावच्या रेशनकार्डाच्या प्रती त्यात आहेत.