रोइंग मशीन कुरकुरतंय? आधी आवाजाची जागा शोधा

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्हवायला शिकले. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरीत तेरावे आले, तर २०१८च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रपल स्कल्सचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघांत ते होते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात नाव कुठे चालवणार? घरच्या व्यायामाला रोइंग मशीन ही त्यावरची सोय. नौकानयनपटूही २,००० मीटरची चाचणी याच यंत्रावर देतात. मात्र यंत्र कुरकुरायला लागलं की घरातला प्रत्येक जण मेकॅनिक होतो आणि इलाजापेक्षा गैरसमजच जास्त मिळतात.

गैरसमज : आवाज आला म्हणजे तेल संपलं.
वस्तुस्थिती : आवाज कुठून येतो ते आधी पाहा. दांडी न धरता नुसती सीट पुढे-मागे सरकवा. कुरकुर आली तर दोष सीटच्या चाकांत किंवा रुळावर. मग सीट स्थिर ठेवून दांडी ओढा. आता आवाज आला तर साखळी किंवा तिची कप्पी तपासा. दोन्ही वेळा शांतता, पण पायाने जोर दिला की ‘कट्’ होत असेल, तर पायपट्टीचे किंवा सांगाड्याचे बोल्ट सैल आहेत. फरशी उंचसखल असली तरी सांगाडा करकरतो.

गैरसमज : रुळाला तेल लावलं की सीट लोण्यासारखी सरकते.
वस्तुस्थिती : दोन दिवस सरकते. मग त्याच तेलावर धूळ बसून काळा थर होतो आणि चाकं त्यावरून खरखरत जातात. मिनिटाला २४ वेळा ओढलं तर अर्ध्या तासात सीट ७२० वेळा जाऊन येते, म्हणजे तेवढ्या वेळा ती धूळ दळली जाते. चैत्र-वैशाखात चांदवडला वारा सुटला की बंद खोलीतही धूळ येते. म्हणून व्यायामानंतर रूळ ओलसर फडक्याने पुसा, मग कोरडा करा. सीट उलटी करून चाकांना चिकटलेले केस आणि काळी वळकटीही काढा.

गैरसमज : घरातलं कुठलंही तेल चालतं, नाहीतर डब्ल्यूडी-४० आहेच.
वस्तुस्थिती : खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे आपल्याकडच्या थंडीत साखळीवरच थिजेल. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं द्रावण आहे. ते असलेलं वंगणही धुऊन काढतं; आवाज थांबतो, पण थोड्या दिवसांपुरता. साखळीला शिलाई मशीनला घालतात तसलं हलकं खनिज तेल लागतं. कापडावर थोडं घेऊन साखळीवरून फिरवा, जास्तीचं पुसून टाका. साधारण ५० तासांच्या वापरानंतर एकदा पुरे. रोज अर्धा तास धरला तर तीन महिने निघतात. दांडी मात्र हातातून सोडू नका, ती झटक्याने मागे जाते. साखळीऐवजी पट्टा असेल तर त्याला तेलाचा थेंबही नको, तो घसरू लागेल.

गैरसमज : बोल्ट जितका घट्ट, तितका आवाज कमी.
वस्तुस्थिती : सैल बोल्ट कसायलाच हवा, पण हाताला घट्ट लागेल इतकाच. चाकाचा बोल्ट फार आवळला तर चाक अडकतं आणि ओरड वाढते. आवळूनही चाक डुगडुगत किंवा खरखरत असेल तर बेअरिंग गेलं. ते झाकबंद असेल तर बाहेरून घातलेलं तेल आत पोचत नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर छापलेला असतो; तो दाखवून दुकानातून तसंच दुसरं आणा.

गैरसमज : आवाज करणारं यंत्र बिघडलेलंच.
वस्तुस्थिती : हवेच्या पंख्यावर चालणारं यंत्र ओढताना ‘सूऽऽ’ करणारच, जोर वाढला की तो आवाजही वाढतो. पाण्याच्या टाकीचं यंत्र खळखळतं. काळजी करायची ती धातूच्या किंचाळण्याची आणि अचानक सुरू झालेल्या ठोक्याची.

थोडक्यात, फडकं, पाना आणि चार थेंब तेल, याच क्रमाने जा. तिन्ही करूनही आवाज तसाच राहिला, तरच मेकॅनिकला बोलवा.