इंजिन बदलतांना हीटरच्या नळ्यांची व्यवस्था

जुन्या जीपचें पेट्रोल इंजिन काढून त्या जागीं डिझेल इंजिन बसविण्याची रीत शेतकरी बंधूंच्या परिचयाची आहे. असें इंजिन बहुधा दुसऱ्या गाडीवरून उतरविलेलें असतें. त्या गाडींत हीटर असल्यास त्याच्या पाण्याच्या दोन रबरी नळ्या इंजिनास लोंबकळत राहतात. आपल्या हवेंत हीटरची विशेष गरज नसते, म्हणून नळ्या कापून तोंडांत बूच ठोकण्याकडे पुष्कळांचा कल असतो. कांहीं इंजिनांस हें मानवतें. कांहींचें मात्र हेड तापून वांकडें होतें व ऐन हंगामांत गाडी उभी राहते. म्हणून यांतील कारण समजून घेणें अगत्याचें आहे.

इंजिनाच्या हेडांतील तापलेलें पाणी एका नळीनें हीटरमध्यें जातें व दुसरीनें वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूस परत येतें. ही वाट रेडिएटरच्या वाटेहून निराळी होय. रेडिएटरची वाट थर्मोस्टॅट नांवाच्या झडपेच्या ताब्यांत असते. झडपेच्या पोटांतील मेण साधारणपणें ८० ते ९० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास वितळून फुगतें व झडप उघडतें. मेणास ऊन पाण्याचा स्पर्शच झाला नाहीं तर झडप उघडणार नाहीं, हें येथील मर्म आहे.

आतां थर्मोस्टॅट कोठें आहे तें पाहावें. रेडिएटरच्या वरच्या अंगास जाणारी नळी त्याच्या घरांतून निघत असेल, तर तो बहुधा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे. हेडांतील ऊन पाणी त्यास सहज लागतें. अशा इंजिनास पंपाकडे परतणारी स्वतंत्र लहान वाट असल्यास हीटरचीं तोंडें बंद करतां येतात. उलट रेडिएटरच्या खालच्या अंगाची नळी त्याच्या घरास मिळत असेल, तर तो पाणी आंत येण्याच्या वाटेवर आहे. तेथें ऊन पाणी आणून देण्याचें काम कांहीं इंजिनांत हीटरची परतीची नळीच करते. ती बंद केली तर इकडे हेड उकळत असतां तिकडे झडप थंड व मिटलेली राहते. अशा वेळीं दोन्ही तोंडें एकमेकांस जोडून वाट चालू ठेवावी. निर्णय होत नसेल तर त्या इंजिनाचें पुस्तक पाहावें. तें नसल्यास वाट चालू ठेवणेंच बरें. याच नळीवरून तेलाच्या कूलरला किंवा टर्बोला पाणी जात असेल, तर तीहि वाट तोडूं नये.

जोडनळी इंजिनाच्या तोंडांच्या मापाचीच घ्यावी. साधी सरळ नळी दुमडून वळविल्यास ती चेपते व वाट बंद होते. म्हणून सांच्यांत वळविलेली नळी वापरावी. हीटरचा अडथळा गेल्यानें या वाटेनें पाणी जास्त धांवूं लागतें व तेवढें रेडिएटरमधून कमी जातें. याकरितां नळींत बारीक छिद्राची धातूची चकती बसविण्याची पद्धत आहे. नळी धुराड्यापासून दूर न्यावी, पंख्याच्या पट्ट्यास लागूं देऊं नये, आणि इंजिन हलतें म्हणून तीस थोडी ढील ठेवावी. तोंडें बंद करावयाचीं झाल्यास रबरी टोपणाऐवजीं धातूचें आट्याचें बूच वापरावें. रबर उष्णतेनें लौकर फुटतें.

नंतर कूलंट सावकाश भरावें व कोंडलेली हवा सर्वांत उंच जागेवरून काढावी. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें आंत खर बसते, म्हणून शुद्ध केलेलें पाणी मिसळावें. इंजिन तापलें असतां रेडिएटरचें झांकण उघडूं नये. पाणी गळून गेल्यावर उष्णतेचा कांटा हवेंतच राहिल्यानें खोटें सांगतो, हेंहि लक्षांत असावें. ग्लायकोल असलेलें जुनें कूलंट गोड लागतें, पण तें विषारी आहे; गुरें व कुत्रीं पोंचतील तेथें तें ओतूं नये.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचें इंजिन बदलावयाचें असल्यास मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मधील तरतुदी पाहून परिवहन कार्यालयांत आधीं चौकशी करावी. नवें इंजिन प्रथम उभ्या गाडींतच चालवून पाहावें. झडप उघडून रेडिएटरच्या नळ्या ऊन झाल्याची खात्री पटल्यावरच गाडीवर भार घालावा.