दुर्बिणीवर किती पैसे घालावेत?

सातपुड्यातल्या रानपिंगळ्याची १८८४ नंतर खात्रीलायक नोंदच नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला आणि नामशेष मानला गेलेला पक्षी जिवंत असल्याचे जगाला कळले. गावोगावी झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्याशी त्याचे साम्य मोठे आणि फरक बारीक आहेत. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. सागाच्या उंच फांदीवर बसलेल्या वीतभर पक्ष्याच्या माथ्यावर ठिपके आहेत की नाहीत, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. पक्षीनिरीक्षणात भिंगाची किंमत कळते ती अशा वेळी. म्हणूनच चांगल्या दुर्बिणीवर पैसे जरूर खर्च करावेत, मात्र कुठे थांबायचे तेही ठरवावे, असे माझे मत आहे.

दुकानात बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती लांबचे दिसते?’ असा असतो. खरे तर किंमत ठरते ती प्रकाश कसा हाताळला जातो यावर. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. त्यातला ८ म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात. दुर्बिणीतून डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, उतारवयात त्याहून कमी. खिशात मावणाऱ्या १०×२५ दुर्बिणीचा झोत अडीच मिलिमीटरचाच असतो. भर दुपारी हा फरक जाणवत नाही, पण दिवेलागणीला तिच्यातले चित्र काळवंडते. दुसरा मुद्दा लेपांचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. भिंगे आणि लोलक मिळून असे दहा पृष्ठभाग धरले, तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच जातो. त्सायस कंपनीत १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला गेला आणि ही गळती आटोक्यात आली. आज चांगल्या दुर्बिणीत प्रत्येक पृष्ठभागावर असे अनेक पदर चढवलेले असतात. पैसे मोजायचे ते यासाठी.

उत्तम दुर्बिणींच्या घडणीत शिकाऱ्यांच्या मागणीचा वाटा मोठा आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात शिकारी तिन्हीसांजेला मचाणावर बसून रानडुकराची वाट पाहतो, म्हणून तिथे ८×५६ सारख्या जड पण उजेड देणाऱ्या दुर्बिणी रुजल्या. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत शिकारी तासन्‌तास समोरचा उतार दुर्बिणीने चाळत बसतात, कारण समोरचे जनावर कोणते, नर की मादी, याची खात्री झाल्याशिवाय बंदूक रोखायची नसते. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून अनोळखी हालचाल न्याहाळणे म्हणजे कदाचित माणसावरच नळी रोखणे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण जंगल जागे होण्याची वेळ इथेही तीच. पहाटे चरायला निघालेले सांबर, संध्याकाळी वाटेवर उतरणारा रातवा, पावसाळी ढगांखाली अंधारलेला सह्याद्रीचा झाडोरा, हे सगळे अपुऱ्या उजेडातच पाहायचे असते.

आता किमतीकडे वळू. रस्त्यावर किंवा ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणाऱ्या दुर्बिणीवर ३० पट, १०० पट असे आकडे छापलेले असतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. भिंगांवरचा लालभडक लेप लाल प्रकाश परत फेकतो आणि चित्र हिरवट करतो. दोन नळ्या एका रेषेत नसल्या तर थोड्याच वेळात डोके दुखू लागते. अशी दुर्बीण घेणाऱ्याला वाटते की आपल्यालाच पक्षी दिसत नाहीत, आणि तो छंद सोडतो. साधारण दहा-बारा हजारांत नामांकित कंपनीची ८×४२ मिळते आणि सर्वांत मोठा फरक याच पायरीवर पडतो. पंचवीस-तीस हजारांच्या टप्प्यात विशेष काचेमुळे फांदीच्या कडेची जांभळी-हिरवी झालर कमी होते आणि सांजवेळचे बारकावे उमटतात. त्यापुढे दोन-अडीच लाखांपर्यंत मजल जाते, पण किंमत आठ-दहा पट वाढली म्हणून दृश्य तितके सुधारत नाही. रोज अनेक तास दुर्बीण डोळ्यांना लावणारे मार्गदर्शक आणि संशोधक यांना हा खर्च परवडू शकतो; महिन्याकाठी एक-दोन रविवार बाहेर पडणाऱ्याने तो करू नये.

महाग दुर्बीण जन्मभर टिकते, असे तिचे समर्थक म्हणतात. बांधणी भक्कम असते हे खरे, पण कोकणातल्या दमटपणात निष्काळजीपणे ठेवलेल्या कोणत्याही भिंगावर बुरशी चढते. नायट्रोजन भरून बंद केलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण मधल्या किमतीतही मिळते आणि आपल्या पावसाळ्यात हा गुण आधी पाहावा. दहा पट मोठे दाखवणारी का घेऊ नये, हा दुसरा आक्षेप. प्रतिमा जितकी मोठी, तितका हाताचा कंप मोठा आणि दिसणारा प्रदेश लहान. पानांत सळसळणारा वटवट्या त्यात सापडेपर्यंत उडून जातो. तलाव आणि माळरान हेच ज्यांचे क्षेत्र, त्यांच्यासाठी १० चा विचार रास्त आहे. कॅमेरा पुराव्यासाठी उत्तम, पण पक्ष्याचे वागणे दोन्ही डोळ्यांनी शांतपणे पाहण्याची सोय त्यात नाही.

खरेदीला शक्यतो संध्याकाळी जा आणि दुकानाबाहेर येऊन सावलीतल्या फांदीकडे पाहा. मग दुर्बीण हातभर दूर धरून उजळ भिंतीकडे रोखा. डोळ्यांकडच्या भिंगात दिसणारे प्रकाशाचे वर्तुळ पूर्ण गोल आणि कडेपर्यंत उजळ असावे. कडा करड्या, चौकोनी दिसल्या तर लोलक हलका समजा. चष्मा असेल तर तो न काढता पूर्ण दृश्य दिसते का ते तपासा. या कसोट्यांना उतरलेली, आपल्या ऐपतीतली ८×४२ घ्या आणि उरलेले पैसे जंगलात जाण्यासाठी राखून ठेवा.